अहिवाऱ्याच्या फाटकावर निळा धूर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे शिंगाडे खाणं. सोलत ती होती, खात मी होतो. अहिवाऱ्याहून भिलाईले परत येताना फाटक लागलं होतं. चुनखडीची मालगाडी पोलादाच्या प्लांटाकडे जाणार होती, अन् ती मालगाडी कोणासाठी घाई करत नाही. पुढं जवाई स्टेअरिंगवर, बाजूले माझी पोरगी सुनंदा, मागं आम्ही म्हातारा-म्हातारी. गाडी थांबली तशी गिरजा म्हणाली, "बंद करा बापू. फुकटचं डिझेल जळून राहिलं." जवायांनी लगेच चाबी फिरवली.

उकडलेल्या शिंगाड्यांचा पुडा तिच्या मांडीवर होता. सोलून सोलून तिची बोटं काळी झाली होती. मले म्हणाली, "आपल्या गोंदियाच्या दारातल्या मुनग्याच्या झाडाले औंदा शेंगा आल्या असतील का?"

"आल्या असतील."

"अन् लोकांनी तोडल्या असतील?"

"सोडतील कावून?"

"जाऊ द्या," ती म्हणाली, "खाऊ द्या." अन् एक शिंगाडा माझ्या हातावर ठेवला.

मालगाडी गेली, फाटक उघडलं, आम्ही पोरीच्या घरी आलो. तीन दिवसांनी तिले दवाखान्यात भरती केलं. तिथून ती आली नाही. त्याच्यावर मी जास्त लिहिणार नाही.

हे लिहून राहिलो ते त्यानंतर मी एकटा भिलाईले गेलो त्याबद्दल. गोंदियाच्या आमच्या पेन्शनवाल्या मंडळींपैकी अर्धे जण दुर्ग लाईनवर आयुष्यभर फिरले, पण भिलाईत उतरून कोणी पाहिलं नाही. त्याहिले वाटते तिथी नुसत्या धुराच्या चिमण्या आहेत.

शुक्रवार, दुर्ग ते जुनवानी

तवा छत्तीसगड वेगळं झालं नव्हतं, सगळा मध्यप्रदेशच होता. गिरजेले जाऊन वर्ष व्हायले महिना कमी होता. सुनंदाचा फोन शेजाऱ्याकडे आला. "बाबा, तुम्ही या. हे गाडी विकून राहिले. रविवारी माणूस पाहायले येणार आहे. आई बसायची ती गाडी, बाबा."

मी म्हटलं, "गाडीले झालं काय?"

"धूर सोडते. मेकॅनिक म्हणते इंजिन खोलावं लागन. हे म्हणतात त्यापेक्षा विकून टाकू."

मी रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये, इंजिनं दुरुस्त होतात तिथी, सत्तावीस वर्षं फिटर होतो. शाळा चौथीपर्यंत, पण इंजिनाचा धूर मले कोणी शिकवू नये. पिशवीत दोन कपडे अन् चष्मा टाकला अन् निघालो.

दुर्ग स्टेशनबाहेर जवाई उभे होते. अरविंद त्यांचं नाव. जन्म भिलाईतलाच, बाप प्लांटात क्लार्क होता, हे स्वतः कोक ओव्हनमध्ये अधिकारी. तिथी कोळसा भट्टीत भाजून त्याचा कोक करतात. माणूस चांगला, पण मराठी बोलता बोलता हिंदीत कधी शिरते ते त्याचं त्यालेच समजत नाही. पाया पडले, माझी पिशवी घेतली, गाडी चालू केली. अन् मागं एवढा मोठा ढग! निळसर. एक रिक्षावाला तोंडावर गमछा धरून ओरडला, "साहब, मच्छर मार रहे हो क्या पूरे दुर्ग के?"

जवाई शरमले. रस्ताभर ते काहीतरी सांगत होते, मी हो-हो म्हणत होतो. डिझेल शेडनं मले पेन्शन दिली अन् कान ठेवून घेतले. पण हे मी कोणाजवळ कबूल करत नाही.

रस्ते मात्र पाहण्यासारखे. आमच्या गोंदियात दोन रिक्षा समोरासमोर आल्या की भांडण होते; इथी ट्रक आडवा उभा केला तरी बाजूनं बस जाईन. दोन्हीकडं झाडं. दूर प्लांटाच्या चिमण्यांतून लाल, पांढरा, काळा धूर. ज्या गावाच्या आभाळालेच सायलेंसर लावले आहेत, तिथी एका गाडीच्या धुराकडे कोण पाहन? पण जवाई पाहत होते. आरशात, सारखे.

जुनवानीले घरापुढं गाडी थांबली अन् थांबताबरोबर त्यांनी चाबी फिरवली. मी उतरून मागं गेलो, सायलेंसरच्या नळीत बोट घातलं. ओलं, चिकट.

"मेकॅनिक म्हणतो टर्बो के कारण और मुश्किल है, मामाजी," जवाई म्हणाले. मले ते मामाजीच म्हणतात.

"कशाच्या कारण?"

"टर्बो. टर्बो डिझेल आहे ना ही."

"एवढ्याशा गाडीले?"

"ये लिखा है ना पीछे." त्यांनी डिक्कीवरच्या चांदीच्या अक्षरांवर हात ठेवला. इंग्रजीत होतं. मले इंग्रजीतले आकडे येतात, अक्षरं नाही. सुनंदा बाहेर आली होती, तिनं एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचून दाखवलं.

मी त्या अक्षरांकडं पाहतच राहिलो. गिरजेच्या आजारपणात आम्ही चार महिने इथी होतो, आठवड्यातून तीनदा याच गाडीत दवाखान्यात गेलो. डिक्कीले टेकून मी बिड्या प्यालो आहे. सत्तावीस वर्षं जी वस्तू या हातांनी खोलली अन् बसवली, तिचं नाव माझ्या पाठीले टोचत होतं अन् मले माहीत नव्हतं.

आता ज्यांले माहीत नाही त्यांच्यासाठी. इंजिनातून निघणारा गरम धूर टर्बोचं एक चाक फिरवते. त्याच दांड्यावर दुसरं चाक असते, ते इंजिनात जास्तीची हवा कोंबते. हे सगळं तापून लाल होते अन् तेलाच्या भरवशावर जगते. म्हणून शेडमध्ये पहिला नियम हा की गरम इंजिन एकदम बंद करायचं नाही. थोडा वेळ नुसतं चालू ठेवायचं, थंडावू द्यायचं, मंग बंद. कारण इंजिन बंद झालं तरी टर्बो आपल्या नादानं फिरत राहते. आम्ही घड्याळ लावून मोजत होतो किती वेळ फिरते ते. तेल बंद झालेलं असते अन् ते फिरतच असते.

मले त्याच वेळी अर्धं कळलं होतं. फाटकावरचं "बंद करा बापू" कानात वाजलं. पण पोरीच्या तोंडाकडं पाहून गिळून टाकलं. अजून टर्बो पाहिलंही नव्हतं, म्हटलं आधी पाहू.

जेवायले चीला होता, तांदळाच्या पिठाचा, टमाटरची चटणी. आपल्याकडं धिरडं करतो तसाच, पण आपलं धिरडं ज्वारीचं, खाल्लं की पोटाले समजते काहीतरी आलं. धान आपल्या गोंदियालेही पिकते, पण यांच्याकडं सगळंच तांदळाचं. सकाळी तांदूळ, दुपारी तांदूळ, पाव्हणा आला तर तांदळाचंच तळून. शेजारच्या छत्तीसगडी बाईनं वाटीभर फरा पाठवला, तोही तांदळाचाच. गिरजेले फार आवडे. मी दोन खाल्ले.

शनिवार, कॅम्प-१

कॅम्प-१ म्हणजे प्लांट उभा राहिला तवा जी मजुरांची वस्ती बसली ती. प्लांटाच्या क्वार्टर आहेत त्या सेक्टरमधले रस्ते जेवढे रुंद तेवढ्या इथल्या गल्ल्या अरुंद. भाजी, कपडे, कोंबड्या, रेडिओ दुरुस्ती, सगळं एकाच्या अंगावर एक. त्याच्यातच मनराखनचं गॅरेज. मनराखन पंचेचाळीसचा, काळा, ठेंगणा, तोंडात पान. जवायांले पाहून म्हणाला, "इंजन खोले बर परही साहब, मैं तो बोले रहेंव. रिंग खतम हे." म्हणजे रिंगा गेल्या, इंजिन खोलावंच लागन.

मी म्हटलं, "पहले देख, फिर खोल."

"अउ ये बबा कोन ए?"

जवायांनी सांगतलं, सासरे आहेत, रेल्वेत डिझेलचं काम करत होते.

मनराखन हसला. "बबा, तैं रेल के आदमी. ये मोटर आय."

"टर्बो टर्बोच असते रे. आमचं म्हशीएवढं होतं, तुझं नारळाएवढं आहे. फरक एवढाच." हे मी मराठीतच बोललो. त्याले बरोबर समजलं, त्यानं पान थुंकलं.

धूर तीन रंगांचा असते. काळा असला तर डिझेल जास्त, हवा कमी. टर्बोच्या नळ्या फाटल्या असतील तरी काळाच. पांढरा असला तर पाणी शिरलं, नाहीतर डिझेल कच्चं जाऊन राहिलं. निळा म्हणजे इंजिनचं तेल जळते. आमचा निळा. पण तेल दोन रस्त्यांनी जाऊ शकते, खालून पिस्टनच्या रिंगांतून किंवा बाजूनं टर्बोतून. रिंगा गेल्या तर इंजिन खोलायचं. टर्बो असलं तर नाही. सगळा झगडा एवढाच होता.

गाडी चालू करून दहा मिनिटं तशीच उभी ठेवायले लावली. मंग म्हटलं, दाबा. जवायांनी ॲक्सिलेटर दाबला तसा ढग निघाला, समोरच्या कपडेवाल्यानं शिव्या दिल्या. दाबून धरलं तर धूर कमी झाला. मी मनराखनले विचारलं, "चढावर ओझं घेऊन जाताना धूर येते?" जवाईच म्हणाले, "नाही मामाजी. उभी राहिली की मंग येते. फाटक उघडल्यावर सबसे ज्यादा."

रिंगा गेलेलं इंजिन ओझ्याखाली धूर सोडते. हे उभं राहून साठवत होतं अन् निघताना ओकत होतं.

तरी खात्री पाहिजे. इंजिन चालू ठेवूनच तेल घालायच्या तोंडाचं झाकण काढलं अन् उलटं करून नुसतं वर ठेवलं. रिंगा गेल्या असत्या तर खालून वाफेचे धक्के बसून झाकण नाचलं असतं. झाकण पाटावर बसलेल्या व्याह्यासारखं गप बसून राहिलं. मनराखननं ते पाहिलं अन् दुसरं पान तोंडात टाकायचं विसरला.

इंजिन थंड होऊ दिलं अन् हवेची नळी सोडवली. आतून तेलानं माखलेली. टर्बोच्या चाकाले बोट लावलं. सुटं फिरलं, भिंतीले कुठी घासत नव्हतं, मागं-पुढं ओढलं तर हललं नाही. म्हणजे दांडा शाबूत होता. मंग तेल बाहेर कावून आलं? टर्बोत गेलेलं तेल एका नळीनं खाली परत जाते. ती नळी पाहायले पाहिजे होती, अन् ती होती खालच्या बाजूले.

मनराखन म्हणाला, मी पाहतो. मी ऐकलं नाही, पाठीवर झोपून गाडीखाली शिरलो. दोन नट सोडले, नळी हातात आली, पण आता मले उठता येईना. सदरा कशात तरी अटकला अन् कंबर धरली. सत्तर वर्षांचा माणूस, छातीवर काळं तेल ठिबकून राहिलं, अन् कपडेवाला आपली सगळी गिऱ्हाईकं घेऊन पाहायले आला. शेवटी एका पायाले जवाई, एका पायाले मनराखन, असं ओढून काढलं.

"बबा जनमगे!" मनराखन ओरडला. म्हातारा जन्मला म्हणे. सगळे हसले. मीही हसलो, बऱ्याच दिवसांनी.

नळीतून उजेड दिसत नव्हता. सायकलीची तार घालून ठोकलं तर काळे कडक खडे पडले. जवायांनी एक खडा उचलला, अंगठ्यानं दाबून पाहिला. "मामाजी, ये तो कोक आहे. आमच्या भट्टीत बनतो तसाच."

"तेच आहे. तेल भाजून झालेला."

"पण कसं बनलं?"

मी म्हटलं, "आधी साफ करू."

नळी रॉकेलात भिजत टाकली. दुपार झाली होती. मनराखननं डबा उघडला. रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, वर कांदा, मीठ, हिरवी मिरची. याले ते बासी म्हणतात. आपल्याकडं शिळा भात पाव्हण्यापुढं ठेवला तर सोयरीक तुटन; इथी तो मानानं देतात. "बासी खाबे, बबा?" मी बसलो त्याच्यासोबत. गार, आंबूस, उन्हातून आलेल्या माणसाच्या पोटात बरोबर बसणारं. जवाई अधिकारी माणूस, पहिले कडेले उभे होते, मंग तेही बसले.

तीन वाजता नळी बसवली, टर्बोले तेल आणणारी वरची नळी साफ केली, इंजिनचं तेल अन् फिल्टर बदललं. चालू केली तर धूर सकाळपेक्षा जास्त!

जवाई आरशात मागचा ढग पाहत राहिले. मनराखन म्हणाला, "देख बबा."

"सायलेंसरात वर्षभराचं तेल साचलं आहे," मी म्हटलं. "ते जळल्याशिवाय कसा जाईन? उद्या सकाळपर्यंत थांबा. चांगली दूर चालवून आणू."

"उद्या दहा वाजता तो माणूस येणार, मामाजी."

"मंग आठ वाजता निघू."

शनिवार संध्याकाळ, जुनवानी

साबण लावून लावून हात धुतले अन् अंगणात चहा घेऊन बसलो. जवायांनी परत तेच विचारलं, कोक कसा बनला. आता टाळता येत नव्हतं. मले गोलगोल बोलता येत नाही, सरळ सांगून टाकलं.

"गरम गाडी एकदम बंद केल्यानं बनला. सुनंदे, तुझ्या मायनं बिघडवली गाडी. प्रत्येक फाटकावर बंद करा, बंद करा. डिझेल वाचवे. जवाईबापू बिचारे ऐकत, अन् मंग त्याहिले तीच सवय लागली. अन् मी मागं बसून शिंगाडे खात होतो. इंग्रजी वाचता आलं असतं तर त्याच दिवशी नाही म्हटलं असतं."

सुनंदा रडन असं मले वाटलं. तिनं कप खाली ठेवला.

"डिझेल?" ती म्हणाली. "बाबा, आईनं जन्मात कधी खोलीतला दिवा तरी बंद केला का? नळ बंद केला? तुम्हीच ओरडायचे ना तिच्यावर?"

खरंच होतं. मीच तिच्या मागं मागं फिरून दिवे बंद करत होतो.

"मंग कावून म्हणे बंद करा?"

पोरगी माझ्याजवळ सरकली अन् मोठ्यानं बोलली, जशी सगळे माझ्याशी बोलतात. "गाडी चालू असली की तुम्ही नुसतं हो-हो करता. ऐकत काही नाही. तुमचे कान गेले म्हटलं की तुम्ही चिडता. मले ती हसत हसत सांगे, तुझ्या बापाले फक्त फाटकावर ऐकू येते."

जवाई खाली मान घालून चहात बिस्कुट बुडवत राहिले. बिस्कुट तुटून आत पडलं तरी बुडवतच होते.

मी उठलो, गाडीजवळ गेलो, बॉनेट उघडून उगाच तेल पाहिलं. बरोबर होतं. बंद केलं.

रविवार सकाळ, अहिवाऱ्याचा रस्ता

आठ वाजता निघालो. त्याच जागा, पुढं ते दोघं, मागं मी. पहिले चार-पाच मैल निळा धूर मागं होता. जवाई आरशात पाहत, मी मान वळवून काचेतून पाहत होतो. चढ लागला, गाडी जोरात ओढली. धूर पातळ झाला, मंग तुटक झाला, मंग मले दिसेना. पण चालत्या गाडीचा धूर काय, तो मागं राहून जाते. परीक्षा उभं राहण्याची होती.

फाटक बंद होतं. गाडी थांबली अन् जवायांचा हात सवयीनं चाबीवर गेला.

"थांबा," मी म्हटलं.

शेडमध्ये मोजत होतो तसं मनात मोजलं, एक ते एकशेवीस. मधात एक दूधवाला सायकलीवर दोन कॅन लटकवून आला अन् बरोबर आमच्या सायलेंसरच्या तोंडाशी पाय टेकून उभा राहिला. म्हटलं, दाबा. जवायांनी ॲक्सिलेटर दाबला. दूधवाल्यानं नाकाले गमछा लावला नाही. बिडी पेटवली अन् मालगाडीची वाट पाहत राहिला.

परत साठपर्यंत मोजलं. "आता बंद करा," मी म्हटलं.

जवायांनी चाबी फिरवली. सगळं शांत झालं. दूर मालगाडीचा आवाज होता, फाटकावरच्या बाया बोलत होत्या, बॉनेटखाली काहीतरी बारीक टिकटिक करत थंड होऊन राहिलं होतं. जवाई समोर पाहतच, हळू आवाजात बोलले, "त्या माणसाले नाही म्हणून सांगतो."

पाठमोऱ्या माणसाचं बोलणं मले कित्येक वर्षांत ऐकू आलं नव्हतं. ते आलं.

"सांगा," मी म्हटलं.

शिंगाडेवाली टोपली घेऊन गाडीजवळ आली. मी काच खाली करून पुडा घेतला, मांडीवर ठेवला. सुनंदानं मागं हात केला, "द्या बाबा, मी सोलते."

"बस तू," मी म्हटलं, अन् सोलायले घेतलं. पहिला मोडला. दुसरा बरा निघाला, तो तिच्या हातावर ठेवला.